नियम यंत्रात भरण्याआधी : नाशिक जिल्ह्यातील पाणी वापर संस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, संचालक, सचिव आणि सर्व सभासद,
पाणी वापर संस्था, नाशिक जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका संस्थेच्या सभेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. वडिलोपार्जित दीड एकर अजून माझ्या नावावर आहे, तेवढ्यापुरता सभासद. एरवी नाशिक शहरात राहतो आणि कॉलेजात संगणकाचे विषय शिकवतो. सभेला एका कंपनीचे दोन तरुण आले होते. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली : प्रत्येक चारीच्या तोंडाशी मोटरचं गेट, शेतात ओलावा मोजणारे सेन्सर आणि प्रत्येक गेटामागे एक ‘एजंट’. हा शब्द ऐकल्यावर पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, “आता पाण्याला पण एजंट? आरटीओच्या बाहेर बसलेत तेवढे पुरे झाले की!” हशा पिकला. मग त्या तरुणांनी समजावून सांगितलं. हा एजंट माणूस नाही, प्रोग्राम आहे. आपल्या चारीची गरज तो ओळखतो, शेजारच्या चारीच्या एजंटाशी बोलणी करतो आणि कुणाला न विचारता गेट उघडतो, बंद करतो. असे पुष्कळ एजंट मिळून जी व्यवस्था चालवतात तिला बहु-एजंट प्रणाली म्हणतात. आणि शेवटी म्हणाले, “एकदा नियम भरले की कोणाचा बाप आला तरी मोडू शकणार नाही.”

टाळ्या पडल्या. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, लोकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ज्याच्या बांधापर्यंत पाणी यायच्या आत आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची फेरी, आटोपतं, त्याच्या कानाला हे वाक्य गोडच लागणार.

मी उभा राहिलो होतो. पण तेवढ्यात चहा आला, आणि चहा आल्यावर सभेत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी गेटांच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता डिसेंबरच्या थंडीत चारीवर जाऊन फळी टाकायचं काम मोटर करणार असेल तर बरंच आहे. माझी हरकत ‘मोडू शकणार नाही’ या शब्दांना आहे. आणि त्याच्याच पोटातला जो प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे : भरलेले नियम उद्या बदलायचे झाले तर बदलणार कोण, कधी आणि कुणाला विचारून?

माझे आजोबा मोसम खोऱ्यात एका बंधाऱ्यावर पाटकरी होते. बागलाण, मालेगावकडच्या मंडळींना फड पद्धत सांगायला नको, पण निफाड-दिंडोरीच्या तरुण संचालकांसाठी दोन शब्द. मोसम, आरम, गिरणा आणि पलीकडे धुळ्यात पांझरा, या नद्यांवर गावांनी बांधलेले बंधारे तीन-चारशे वर्षं चालत आले. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि त्याच्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असायची. एका फडात एकच प्रकारचं पीक. कुठल्या फडाला यंदा पाणी, कुठला कोरडा, हे नदीचं पाणी बघून दरवर्षी गाव ठरवायचं. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं नाही, पाटकऱ्याने द्यायचं. राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि तिघांचा मेहनताना धान्यात.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट पाटात नव्हती, सातबाऱ्यात होती. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरला तर सगळ्यांचाच एकेक तुकडा कोरडा राहायचा. त्यामुळे सभेत हात वर करणारा माणूस स्वतःच्या नुकसानीसाठीही हात वर करत असायचा. हे मी पुढे पुन्हा काढणार आहे, लक्षात ठेवा.

आजोबांची एक गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. एका हिवाळ्यात एका शेतकऱ्याची रात्रीची पाळी चुकली. घरात बायको बाळंत होत होती, माणूस दाई आणायला धावला होता. शेतात नुकतीच कांद्याची लागण झालेली. त्याचा नंबर पुन्हा यायला आठ दिवस. आजोबांनी पुढच्या माणसाच्या पाळीतले दोन तास काढून याच्या वाफ्यांना पाणी दिलं. उजाडल्यावर त्या पुढच्या माणसाच्या दारात जाऊन स्वतः सांगितलं, मग हवालदाराला सांगितलं. पंच बसले. आजोबांच्या त्या सालच्या धान्यातून दोन पायल्या कापल्या, कारण नियम मोडला होता. आणि त्याच बैठकीत ठरलं की घरात जन्म किंवा मयत झाली तर शेजारच्याशी पाळी बदलता येईल, पाटकऱ्याने फक्त सकाळी कळवायचं. आजोबा अहिराणीत म्हणायचे, “पानी सगळासनं शे, नंबर ज्याना त्याना.” पण नंबर मोडल्याची ही गोष्टही तेच सांगायचे, आणि दोन पायल्यांचा राग त्यांना शेवटपर्यंत होता.

आता त्या रात्री चारीवर कंपनीचं गेट असतं तर? आठ दिवसांत रोप वाळलं असतं आणि नियम जसाच्या तसा राहिला असता. पंचांना कळलंच नसतं की आपल्या नियमाला एक भोक आहे.

एजंटांच्या जगात या दोन वाटांना वेगवेगळी नावं आहेत. नियम मोडणं शक्यच होऊ द्यायचं नाही, ही एक वाट. गेटाला कुलूप, तसं. मोडता येईल, पण नोंद होईल आणि किंमत मोजावी लागेल, ही दुसरी. तीस वर्षं या विषयातली माणसं यावर डोकं खपवत आहेत. १९९५ मध्ये योआव शोहम आणि मोशे टेनेनहोल्ट्झ या दोघांनी पहिल्या वाटेचा नीट हिशेब मांडला. एजंटांच्या समाजासाठी सगळे नियम आधीच बसून ठरवायचे, म्हणजे पुढे भांडणच नको, असं म्हटलं तर काय होतं? त्यांना आढळलं की उपयोगी पडेल असा नियमसंच शोधून काढणं हे संगणकाच्या दृष्टीनेही फार अवघड जातीचं गणित आहे. परिस्थिती जशा वाढतात तसा शोध आवाक्याबाहेर जातो. एका मायनरवर, म्हणजे छोट्या कालव्यावर, चाळीस शेतकरी, सात पिकं, मधूनच गारपीट आणि अवकाळी. बसा मग आधी ठरवत.

कुलुपाची वाट कुठेच चालत नाही असं मात्र नाही. स्पेनच्या किनाऱ्यावर ब्लानेस नावाचं गाव आहे, तिथल्या मासळीच्या लिलावावरून बार्सिलोनाजवळच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एक इलेक्ट्रॉनिक बाजार रचला. कुणी कधी बोलायचं, बोली कधी संपली, माल कुणाचा झाला, सगळं ठरलेलं. एजंटाने भलतं काही बोलायचं म्हटलं तर ते बाजारात पोचतच नाही. आपल्या लासलगावला ट्रॉलीभोवती भाव चढत जातो, तिथे उतरत येतो. पण लिलाव तो लिलाव. दर ट्रॉलीला तोच खेळ पहिल्यापासून सुरू. तिथे कुलूप शोभतं. पाण्याचं आवर्तन असं नसतं. जानेवारीतलं तिसरं आवर्तन ऑक्टोबरातल्या पहिल्यासारखं असतं का? द्राक्षवाल्याला विचारा, मग कांदेवाल्याला, मग गहूवाल्याला.

आता ज्या एका कामामुळे मला हे पत्र लिहावंसं वाटलं, तिकडे येतो. २०१३च्या सुमारास बार्सिलोनाच्याच मंडळींनी एक प्रणाली केली, जी नियम स्वतः तयार करते. कल्पना करा, एक चौक आहे आणि गाड्या म्हणजे एजंट. (द्वारका चौक डोळ्यांसमोर आणू नका, तिथे कुठल्याही प्रणालीने हात टेकले असते.) दोन गाड्यांची टक्कर झाली की प्रणाली तो प्रसंग बघते आणि नियम सुचवते : अमुक बाजूने गाडी येत असेल तर थांबायचं. पुढे त्या नियमाची दोन प्रकारे परीक्षा होते. पाळला तेव्हा टक्कर टळली का? हा झाला परिणाम. आणि मोडला तेव्हा टक्कर झाली का? ही झाली गरज. मोडूनही काही बिघडत नसेल तर तो नियम विनाकारण आहे आणि काढून टाकला जातो.

हे जरा सावकाश वाचा. नियमाची गरज आहे की नाही, हे प्रणालीला मोडण्यातूनच कळतं. कुणी मोडूच शकत नसेल तर दहा वर्षांपूर्वीचा कालबाह्य नियम आणि आजचा जिवंत नियम यांच्यात तिला फरक करता येणार नाही. आजोबांच्या पंचांनी जे एका रात्रीच्या चुकीवरून ओळखलं, ते कुलूपवाल्या गेटाला शंभर आवर्तनांतही ओळखता येणार नाही.

मग कंपनीचे तरुण म्हणतील, “काका, आम्ही नियम आपोआप बदलणारी प्रणाली देतो.” देतीलही. तीही मला नको आहे, निदान आहे तशी नको आहे. कारण सांगतो.

चौकात टक्कर म्हणजे टक्कर, तिच्याबद्दल वाद नाही. पाण्यात टक्कर कशाला म्हणायचं? येवल्याकडे टेलचा गहू फुलोऱ्यात वाळला, ही टक्कर आहे का? तो काही आवाज करून वाळत नाही. सेन्सर लावले असतील तिथलाच ओलावा दिसणार, आणि सेन्सर परवडणार कुणाला? ज्याच्या बागेला पैसा आहे त्याला. म्हणजे प्रणालीला तेवढ्याच शेताची तहान दिसेल आणि ती त्याच्याच बाजूने नियम वाकवत जाईल. कुणी लबाडी न करता.

लबाडीही होईल. काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी एक छोटं खेळण्यातलं प्रारूप केलं होतं. एक चारी, बारा एजंट, आणि ठरल्यापेक्षा जास्त पाणी घेतलं तर दंड. एजंट अनुभवातून शिकणारे होते. पहिल्यांदा ते दंड भरून पाणी घ्यायला शिकले, कारण पीक दंडापेक्षा महाग होतं. मुलांनी दंड वाढवला. मग एजंट स्वतःच्या शेताचा ओलावा कमी सांगायला शिकले. मुलांनी दंड आपोआप वाढेल-घटेल असं केलं, तर एजंट दंड घटायची वाट बघत बसायचे आणि घटला की सगळे एकदम तुटून पडायचे. तो प्रकल्प आम्ही कसाबसा आटोपला. मार्क मी चांगले दिले, पण त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. नियमही शिकतो आहे, नियमाखालचाही शिकतो आहे, दोघं एकमेकांच्या मागे पळताहेत आणि मध्ये पिकाला पाणी नाही.

शिवाय शेतकऱ्याला पुढचं दिसावं लागतं. ऑक्टोबरची छाटणी कधी घ्यायची, हे द्राक्षवाला पाण्याच्या तारखा बघून ठरवतो. एकदा छाटली की बाग थांबत नाही. डिसेंबरात एजंटांनी आपापसात बोलून तारखा हलवल्या, त्या हिशेबाने भले दहा टक्के पाणी वाचलं असेल, पण त्या माणसाचं वर्ष गेलं. एखादा मध्यम नियमही वर्षभर टिकला तर त्याच्या भरवशावर माणूस पीक ठरवू शकतो.

मग मार्ग काय? तो शोधायला मला बार्सिलोनाला जावं लागलं नसतं, पण आधी तिकडे जाऊन मगच गावाकडे आलो, माझ्यासारख्या मास्तरांचं असंच असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई होत्या, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभर शेतकरी, मच्छीमार, गुराखी सामायिक पाणी-जंगल-कुरणं कशी सांभाळतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९९० मध्ये टिकलेल्या संस्थांची आठ लक्षणं मांडली. त्यात एक असं, की ज्यांना नियम लागू आहे त्यांना तो बदलण्यात भाग घेता आला पाहिजे. दुसरं, दंड पायरीपायरीने वाढावा. पहिल्या चुकीला दोन पायल्या पुरतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले जेरेमी पिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातली बरीचशी लक्षणं तर्काच्या भाषेत लिहून एजंटांना शिकवली, एजंट मतदान करून वाटपाची पद्धत बदलू शकतील अशी सोय केली, आणि अशा एजंटांचा सामायिक साठा जास्त काळ टिकतो असं त्यांना दिसलं.

पण ऑस्ट्रॉमबाईंची माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. नियमांचे मजले असतात, असं त्या सांगतात. रोजच्या व्यवहाराचे नियम खालच्या मजल्यावर. ते नियम कसे ठरवायचे, याचे नियम मधल्या मजल्यावर. आणि ठरवणारे कोण, हे सगळ्यात वर. जितकं वर जाल तितकं बदलणं सावकाश आणि अवघड असावं.

आपल्याकडे हे मजले आहेतच, फक्त कुणी तसं म्हणत नाही. आज रात्री कुठल्या चारीला आधी, शेजपाळीत, म्हणजे शेतागणिक क्रमाने पाणी द्यायच्या पाळीत, एक तास इकडे की तिकडे, हा तळमजला. आवर्तनं किती, कुठल्या पिकाला किती, पाणीपट्टी कशी, हा मधला. आणि २००५च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांची माणसं बसवली, पाणी मोजून द्यायचं ठरवलं, हा वरचा मजला. त्याहून वर बघायचं तर जायकवाडीचा नियम. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या आत असला तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्या आकड्यावरून आपण किती वर्षं समित्या, प्राधिकरण, कोर्ट आणि रास्ता रोको करतोय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तो आकडा तुम्हाला पटो न पटो. पण उद्या एखाद्या एजंटाने तो रातोरात ६० केला किंवा ७० केला, तर मान्य कराल? वरचा नियम बदलायला वेळ लागतो आणि भांडण होतं. लागू दे, होऊ दे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की एजंटांना तळमजल्यावर राहू द्या. तासाभराची अदलाबदल, गेट किती उघडायचं, पावसाची सर आली तर पाळी पुढे ढकलायची, हे त्यांनी खुशाल करावं, आणि तेसुद्धा संस्थेने आखून दिलेल्या कुंपणाच्या आत. मधल्या मजल्यावर त्यांनी फक्त सुचवावं : “या हंगामात अमुक नियम इतक्या वेळा मोडला गेला, तरी कुणाचं पीक गेलं नाही, विचार करा.” असा कागद सर्वसाधारण सभेपुढे आला तर मी स्वतः टाळ्या वाजवीन. निर्णय हात वर करणाऱ्यांनी घ्यावा. वरच्या मजल्याच्या जिन्याला त्यांच्यासाठी दार असू नये.

याचं कारण मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. फडात नियम ठरवणाऱ्याचा एक तुकडा कोरड्या फडात असायचा. एजंटाची जमीन कुठल्याच फडात नाही. टेलही त्याची नाही.

करारावर सही करण्याआधी कंपनीकडून काही गोष्टी लेखी घ्या. सगळे भरलेले नियम मराठीत, साध्या वाक्यांत, संस्थेच्या फलकावर लागले पाहिजेत. ‘ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाहेर देता येत नाही’ असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. प्रत्येक गेटाला हाताने उघडायची किल्ली हवी आणि ती पाटकऱ्याकडे हवी. त्याने किल्ली वापरली की नोंद आपोआप व्हावी, कारण मात्र त्याच्या आवाजात, मोबाइलवर बोलून. लिहायला लावलंत तर कुणी लिहिणार नाही. त्या नोंदी महिन्यातून एकदा संचालकांनी वाचाव्यात. वाचायच्या नसतील तर ठेवूच नका. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८६ मध्ये संगणकावर खेळ मांडून दाखवलं होतं की मोडणाऱ्याला दंड असून भागत नाही. मोडताना बघून गप्प बसणाऱ्यालाही जाब विचारला जात असेल तरच नियम उभा राहतो. जागल्याने डोळे मिटले की फड बुडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

आणि पहिला एक रब्बी हंगाम एजंटांना नुसतं बोलू द्या, गेटाला हात लावू देऊ नका. त्यांनी कागदावर सांगावं, ‘आज मी असं केलं असतं.’ पाटकरी नेहमीसारखं करेल. मार्चअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवा. कुठे एजंट शहाणा होता, कुठे पाटकरी, ते बघून मग कुंपण आखा. कंपनीला हे आवडणार नाही, बिल एक वर्ष पुढे जातं. आपली घाई काय आहे? दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाखालच्या शेतकरी मंडळींनी १९९०च्या दशकात दोन-तीन संस्थांपासून सुरुवात करून पुढे अख्खा प्रकल्प आपल्या हातात घेतला, तोही एका हंगामात झाला नव्हता.

कुठल्याही संस्थेला करार वाचून हवा असेल, किंवा सभेत फळ्यावर हे समजावून हवं असेल, तर रविवारी मी येऊ शकतो. पेट्रोलचे पैसे नकोत. फक्त माझं बोलणं चहाच्या आधी ठेवा.

आपला,
मोसमकाठच्या एका पाटकऱ्याचा नातू,
सध्या मुक्काम नाशिक

ता. क. : गेटाच्या पेट्या कालव्याच्या भरावावर ज्या उंचीला त्यांनी चित्रात दाखवल्या होत्या, तिथे त्या पहिल्या पावसात बुडतील. आणि सौर पॅनेलला साखळी लावायची सोय आहे का, तेही विचारा.